संमती कट्ट्यावरून

यंदाच्या गड्ड्याला, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेला, अक्षतांच्या वेळी माझी चांगलीच फजिती झाली. संमती कट्ट्याभोवती मुंगी शिरायला जागा नव्हती. पांढऱ्या बाराबंदीतली माणसं, तळ्याच्या काठावर डुलणारे नंदीध्वज, मधूनच उठणारा 'हर्र'चा गजर. उजव्या मुठीत अक्षता धरून उभा होतो आणि डाव्या हातात मोबाइल, कारण पुण्यातल्या लेकीला सोहळा थेट दाखवायचं कबूल केलं होतं. कट्ट्यावर मानकऱ्यांनी संमती, म्हणजे लग्नाचा ठरलेला मजकूर, वाचायला घेतली आणि नेमकी तेव्हाच मोबाइलच्या पडद्यावर इंग्रजी मजकुराची भिंत उभी राहिली. नव्या अटी. खाली एकच निळं बटण, 'मान्य आहे'. ते दाबल्याशिवाय कॅमेरा पुढं सरकायला तयार नाही. इकडं 'सत्यम सत्यम' ऐकू आलं, हजारो हात वर गेले. मी घाईनं अंगठा टेकवला आणि त्याच दमात अक्षता उधळल्या. दोन्हीकडं संमती देऊन मोकळा झालो. कशाला दिली, ते दोन्हीकडंही ठाऊक नाही. मोबाइलचा मजकूर वाचला नव्हता आणि कट्ट्यावरची संमती कन्नडमध्ये असते. चारही बाजूंनी कानडी-तेलुगू ऐकत सोलापुरात वाढूनसुद्धा माझं कन्नड 'ऊटा आयता'च्या पुढं कधी गेलं नाही.

घरी येताना रिक्षात हसू येत होतं. राज्यशास्त्र शिकवण्यात माझी तीस वर्षं गेली. 'शासितांची संमती हा लोकशाहीचा पाया' हे वाक्य किती वेळा फळ्यावर लिहिलं असेल, त्याला गणती नाही. परीक्षेत दहा मार्कांना हमखास. आणि कॉलेजपासून काही अंतरावर त्याच नावाचा एक दगडी कट्टा आहे, हे लहानपणापासून पाहत असूनही दोन्ही गोष्टी डोक्यात कधी शेजारी बसल्या नाहीत.

गोष्ट सगळ्या सोलापूरला पाठ आहे. बाराव्या शतकातले सिद्धरामेश्वर, तळं खोदणारे, अडुसष्ट लिंगं स्थापणारे योगी. एका कुंभारकन्येनं त्यांच्याशीच लग्न करायचा हट्ट धरला. योग्याला संसार नको. शेवटी त्यांच्या योगदंडाशी तिचं लग्न लागलं आणि त्या लग्नाच्या अक्षता आपण आजही टाकतो. आता मास्तरकीची खोड म्हणून विचारतो, ही संमती नेमकी कुणाची? मजकूर ठरलेला, वाचणारं घराणं ठरलेलं, कुठल्या शब्दाला तांदूळ उडवायचे तेही ठरलेलं. 'थांबा, मला हे पटलेलं नाही' म्हणायची सोय त्यात नाही. उत्सवाला ती लागतही नाही, त्याची गोडी ठरलेपणातच आहे. पण राज्यकारभारही असाच ठरलेल्या मजकुरावर चालायला लागला आणि आपल्याकडं फक्त अक्षता टाकायचं काम उरलं, तर त्याला काय म्हणायचं?

आपल्या भाषेत एक गंमत आहे. 'विचार' आणि 'विचारणं' एकाच घरातले शब्द. मला 'विचारात घेतलं नाही' आणि मला 'विचारलं नाही' या तक्रारी मराठी माणसाच्या तोंडी जवळजवळ एकच असतात. लग्नघरात रुसलेला मामा काय म्हणतो? मला कुणी विचारलंच नाही. हॉल चांगला होता की वाईट हा त्याचा मुद्दाच नसतो. लोकशाहीच्या सगळ्या व्याख्या विसरल्या तरी हा मामा विसरू नये, असं मला आताशा वाटतं.

तर त्या निळ्या बटणाबद्दल. फार थोड्यांना आठवत असेल, पण फेसबुकनं एकेकाळी आपल्या नियमांवर खरंखुरं मतदान ठेवलं होतं. २००९ मध्ये कंपनीनं जाहीर केलं की नियमांत बदल करताना वापरकर्त्यांचं मत घेऊ आणि तीस टक्के लोकांनी मत दिलं तर निकाल कंपनीवर बंधनकारक राहील. डिसेंबर २०१२ मध्ये अखेरचं मतदान झालं. विषय काय, तर ही मतदानाची पद्धतच बंद करावी का, आणि सोबत खासगीपणाच्या नियमांतले काही बदल. तेव्हा वापरकर्ते शंभर कोटींच्या घरात, म्हणजे निकाल लागू व्हायला तीस कोटी मतं हवीत. पडली साडेसहा लाखांच्या थोडी वर. त्यातले ८८ टक्के लोक 'नको' म्हणाले. तीस टक्क्यांचा उंबरठा ओलांडला गेला नाही, म्हणून ते 'नको' निव्वळ सल्ला ठरलं आणि मतदान कायमचं बंद झालं. वर्गात हे सांगायचो तेव्हा पोरं हसायची. मागच्या बाकावरचा एक जण म्हणाला होता, "सर, आमच्या सोसायटीच्या सभेत पण कोरम भरत नाही, पण तिथं निदान अर्ध्या तासानं त्याच जागी सभा भरते की."

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक अक्का राहतात. घरात तेलुगू, बाहेर आपलं सोलापुरी मराठी. गेली पस्तीस वर्षं विडी वळतात. पान भिजवायचं, पत्र्याच्या साच्यावर ठेवून कात्रीनं कापायचं, चिमूटभर तंबाखू भरून वळायचं, दोऱ्यानं बांधायचं, टोक दुमडायचं. बोलताना हाताकडं बघतसुद्धा नाहीत. मजुरी हजार विड्यांवर, आणि माल द्यायला गेलं की छाट, म्हणजे बाद ठरवलेल्या विड्या, काढून उरेल तेवढ्याचीच. सोलापुरात अशा हजारो बायका आहेत. मिली एकेक करून बंद पडल्या तेव्हा निम्म्या शहराच्या चुली विड्यांच्या या सुपांवर पेटत राहिल्या, हे लिहून ठेवायला हवं.

२०१६ च्या एप्रिलपासून तंबाखूच्या वेष्टनावर ८५ टक्के जागा धोक्याच्या चित्राला देणं सक्तीचं झालं. विडीच्या पुड्यावर तो अंगावर येणारा फोटो आला. अक्कांनी मला पुडा दाखवून विचारलं होतं, "सर, हे कुणी ठरवलं?" मी उत्साहानं सांगायला बसलो. जागतिक आरोग्य संघटनेचा तंबाखूविरोधी करार आहे, २००३ चा. भारतानं त्याला २००४ च्या फेब्रुवारीत मान्यता दिली. आपल्या संसदेनं २००३ मध्येच कायदा केला होता, चित्रांचे नियम त्याखालचे. त्या कराराचं कार्यालय जिनिव्हाला असतं. अक्कांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "छातीची काळजी जिनिव्हाला हाय, चांगलं हाय. पोटाची कुठल्या गावाला हाय?"

याचं उत्तर माझ्याकडं होतं आणि त्याचीच मला जास्त लाज वाटली. त्या करारात सतरावं कलम आहे. तंबाखूवर पोट असणाऱ्यांना, कामगार आणि शेतकऱ्यांना, दुसरा परवडणारा रोजगार मिळावा म्हणून देशांनी साहाय्य करावं, असं त्यात म्हटलेलं आहे. म्हणजे अक्का जिनिव्हाच्या कागदावर होत्या. त्यांचा विचार झाला होता, त्यांना विचारलं मात्र नव्हतं. करार होऊन तेरा वर्षं झाल्यावर त्यांना त्यातली एक गोष्ट कळली, ती पुड्यावरच्या फोटोतून. सतरावं कलम छापायला पुड्यावर जागा नव्हती.

करार वाईट आहे असं मला म्हणायचं नाही. अक्कांचा खोकला मी रोज ऐकतो. त्यांच्या फुप्फुसांबद्दल कुणा कारखानदारानं चार ओळी लिहिल्याचं मला आठवत नाही, सात समुद्रांपलीकडच्या माणसांनी लिहिल्या. जागतिकीकरण म्हटलं की लगेच 'आपलं सगळं लुटलं' असा सूर लावणाऱ्यांशी माझं म्हणून जमत नाही. दूरचा निर्णय शहाणा असू शकतो आणि जवळचा क्रूर. पण शहाणा निर्णयसुद्धा माझ्या घरात न विचारता शिरला की तो पाहुणा राहत नाही.

आपल्याकडं आंतरराष्ट्रीय करारावर सही करायला संसदेची आधी मंजुरी लागत नाही, हे कितीतरी सुशिक्षितांना माहीत नसतं. मंत्रिमंडळ करार करतं. संसद त्यावर चर्चा करू शकते, अंमलबजावणीसाठी लागेल तिथं कायदा करते, पण सहीआधी तिला विचारलंच पाहिजे असं राज्यघटनेत बंधन नाही. १५ एप्रिल १९९४ ला मोरोक्कोतल्या मर्राकेशमध्ये सह्या झाल्या, १ जानेवारी १९९५ ला जागतिक व्यापार संघटना सुरू झाली. तिचं कामकाज सहमतीनं चालतं असं अभिमानानं सांगतात. सहमतीची व्याख्या मात्र वाचण्यासारखी आहे. निर्णयाच्या वेळी बैठकीत हजर असलेल्या कुठल्याही सदस्यानं औपचारिक हरकत घेतली नाही, की सहमती झाली. मौन म्हणजे संमती! आणि जो गरीब देश त्या दिवशी माणूस पाठवू शकला नाही, त्याच्या गैरहजेरीमुळंही काही अडत नाही. ही तळटीप पहिल्यांदा वाचली तेव्हा मला आमच्याकडची जुनी मुलगी-बघणी आठवली. पोरगी खाली मान घालून बसली, काही बोलली नाही, म्हणजे पसंत.

हरकत घेता येते, नाही असं नाही. २०१४ च्या जुलैमध्ये भारतानं घेतली, धान्याच्या सरकारी साठ्याच्या प्रश्नावर, आणि सबंध जगाचा एक करार नोव्हेंबरपर्यंत अडवून धरला. मोठ्या देशाच्या 'नाही'ला वजन असतं.

माझे वडील मिलमध्ये साच्यावर होते. आमच्या घरात घड्याळ होतं, पण वेळ भोंग्यावर चालायची. पहिला भोंगा म्हणजे आईनं चूल पेटवायची, दुसरा म्हणजे वडिलांनी डबा उचलायचा. सोलापूरची जुनी मिल १८७७ ची. त्याआधी दहा-पंधरा वर्षांपूर्वी अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस अडला आणि आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या कापसाच्या पैशातून मुंबई इलाख्यात पुढं मिलींची धुराडी उभी राहिली. म्हणजे जगाचे दोर तेव्हाही आपल्या दारात बांधलेले होतेच. वडिलांची मिल बंद पडली तेव्हा ते महिनाभर ठरल्या वेळी डबा घेऊन बाहेर पडत, कुठं जात ते आईनं कधी विचारलं नाही.

माझा एक जुना विद्यार्थी टॉवेल काढतो. २०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेनं भारतीय मालावरचं आयातशुल्क आधी २५ टक्के आणि २७ तारखेपासून ५० टक्के केलं. दोन दिवसांनी तो घरी आला. बाहेरच्या मागण्या थांबल्या होत्या, रात्रपाळी बंद करावी लागणार होती. म्हणाला, "सर, तुम्ही शिकवायचा ना, ज्याच्यावर निर्णयाचा परिणाम होतो त्याला मत पाहिजे. मग मला त्यांच्या निवडणुकीत मत का नाही?" मी हसलो, पण प्रश्न थट्टेवारी नेण्यासारखा नव्हता. पेनसिल्व्हेनियातल्या कुणा मतदारानं आपल्या गावातला बंद कारखाना आठवून २०२४ ला मत दिलं असेल. त्याच्यापुरतं ते लोकशाहीचंच कृत्य. त्याच्या वडिलांनाही डबा घेऊन कुठंतरी जावं लागलं असेल. आणि त्या मताचा धक्का अक्कलकोट रोडवरच्या मागाला बसतो.

दानी रॉड्रिक नावाच्या अर्थतज्ज्ञानं हा पेच नेमका पकडलाय. पुरेपूर जागतिक बाजार, देशाचं सार्वभौमत्व आणि लोकशाही, तिन्ही एकदम पूर्ण मिळत नाहीत, कुठल्यातरी दोनच निवडाव्या लागतात. पंगतीत पाट दोन आणि पाहुणे तीन. रॉड्रिकचा कल बाजाराला थोडं मागं बसवण्याकडं. डेव्हिड हेल्डसारखे विचारवंत म्हणत होते, देशालाच थोडं मागं सरकवा आणि लोकशाही जगाच्या पातळीवर न्या, जागतिक कायदा, जागतिक सभागृहं. वर्गात शिकवायला हे फार सुंदर वाटायचं. राज्यशास्त्रज्ञ रॉबर्ट डाल यांना ते पटत नव्हतं. समूह जितका मोठा तितका एकेका माणसाच्या बोलण्याचा आवाज लहान, आंतरराष्ट्रीय संस्था उपयोगाच्या असतील पण त्यांना लोकशाही म्हणू नका, असं त्यांचं रोखठोक मत. तीस वर्षं मी तिघांनाही समान मार्क देत आलो. आता निवृत्त आहे, बाजू घ्यायला हरकत नाही. मी डालकडं झुकतो. जागतिक सभागृहात अक्कांच्या वाट्याला येणारं मत म्हणजे उजनी धरणात टाकलेला साखरेचा दाणा.

पण त्या संध्याकाळी मी विद्यार्थ्याला आणखी एक विचारलं. रात्रपाळी बंद करताना तू तुझ्या माणसांना विचारलंस का? तो क्षणभर गप्प बसला. "त्यांना काय विचारायचं, सर? सांगितलं." मग चहा आला.

त्या 'सांगितलं'शी माझे सगळे सिद्धांत येऊन अडकतात. जिनिव्हा लांब आहे, वॉशिंग्टन लांब आहे, हे खरं. पण शेडच्या दारापासून मागाजवळ उभ्या असलेल्या माणसापर्यंतचं अंतर वीस पावलांचं होतं. बाबासाहेबांनी १९३६ मध्येच लिहून ठेवलं होतं की लोकशाही म्हणजे नुसती सरकार चालवण्याची पद्धत नव्हे, ती मुळात एकत्र जगण्याची रीत आहे, अनुभवांची देवाणघेवाण आहे. आणि २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत त्यांनी बजावलं की राजकारणात समता आणि समाजात, अर्थकारणात विषमता, अशा विसंगतीत आपण पाऊल टाकतो आहोत. याच बाबासाहेबांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेनं १९२५ मध्ये सोलापुरात दलित मुलांसाठी वसतिगृह काढलं होतं. ज्यांना कुणी काहीच विचारत नव्हतं, त्यांची आधी राहायची-जेवायची सोय केली, म्हणजे पुढं त्यांना डावलता येणार नाही. मला हा लोकशाहीवरचा सगळ्यात व्यवहारी धडा वाटतो.

सोलापुरानं संमती काढूनही घेतलेली आहे. मे १९३० मध्ये गांधीजींच्या अटकेनंतर शहर पेटलं, गोळीबार झाला, काही दिवस इंग्रजांचा अंमल इथून उठल्यासारखाच झाला. १२ मे ला मार्शल लॉ आला, तो ३० जूनपर्यंत राहिला. १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात चौघांना फाशी झाली, मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा. नावं वाचूनच हे शहर कळतं. दर वर्षी हुतात्मा दिन आणि गड्डा पाठोपाठ येतात. एकीकडं संमती नाकारल्याची आठवण, दुसरीकडं संमती दिल्याची. माझ्या मते हा क्रम बरोबर आहे.

आणि आता, ज्या शहरानं एवढं केलं, त्याचे नगरसेवक मार्च २०२२ मध्ये मुदत संपून घरी गेले ते गेलेच. प्रशासक आले. आरक्षणाचा आणि प्रभागांचा वाद कोर्टात अडकला. ६ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं निवडणुका घ्या म्हणून सांगितलं तेव्हा कुठं गाडी हलली. सोलापूरच कशाला, मुंबई-पुण्याचीही हीच गत होती. आश्चर्य याचं की फारसं कुणी ओरडलं नाही. त्याआधी २०१६ च्या जानेवारीत स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत आपलं नाव आलं, पेढे वाटले गेले, आणि त्या कामांसाठी रीतसर एक कंपनी स्थापन झाली, निम्मे भाग राज्याचे, निम्मे पालिकेचे. योजनेची अटच तशी होती. शहराचा एक हिस्सा कंपनी कायद्याखाली गेला. कंपनीला भागधारक असतात, मतदार नसतात. गंमत म्हणजे यावर मी वर्गात कधी बोललो नाही. अभ्यासक्रमात अथेन्स होतं.

यंदा गड्ड्याच्या गर्दीतच, १५ जानेवारी २०२६ ला, महापालिकेचं मतदान आलं. सकाळी केंद्रावर गेलो तर अक्का रांगेत माझ्यापुढं आठ-दहा बायका सोडून. बोटांना तंबाखूचा तपकिरी रंग, तो आता धुवून जात नाही, त्यावर शाई दिसेल का अशी मला उगाच शंका. त्यांनी मागं वळून विचारलं, "सर, किती मतं द्यायची? गेल्या बारीला चार बटणं होती." प्रभाग पद्धत समजावून सांगत होतो, तेवढ्यात बोळातून एक पोरगं ओरडत आलं.

"नळाला पाणी आलंय!"

बायकांची रांग निम्मी झाली. कुणी चिठ्ठी कमरेला खोचली, कुणी माझ्या हातात दिली. अक्का क्षणभर उभ्या राहिल्या, केंद्राच्या दाराकडं बघितलं, घराकडं बघितलं. "नंबर धरून ठेवा सर, बॅरल भरून आले," म्हणाल्या आणि साडीचा घोळ सावरत निघाल्या. पाच चिठ्ठ्या हातात घेऊन मी उभा राहिलो. पोलिंग एजंट संशयानं बघायला लागला.

अक्का पाऊण तासानं परत आल्या, ओल्या पायांनी. बाकीच्या चौघींपैकी दोघी आल्या.